कोळंबीचा काटा बोटात गेला तर

कोळंबी सोलताना तिच्या डोक्यावरचा दातेरी काटा बोटात घुसतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी, म्हणून ती लगेच विसरली जाते. पण अरुंद, खोल जखमेत जंतू आत अडकतात. ती वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान 5 मिनिटे धुवावी, तुटलेले टोक चिमट्याने काढावे. हळद दाबण्याचा घरगुती उपाय इथे नकोच. तोंड बुजते, घाण आतच राहते. धनुर्वाताच्या इंजेक्शनला 5 वर्षे उलटली असल्यास डॉक्टरांना विचारावे. ठणका वाढला, लाली पसरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही आणि यकृताचे रुग्ण यांच्यात खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ जंतू झपाट्याने पसरू शकतो. सोलताना जाड रबरी हातमोजे घालावेत.