काच नको, चाक बघा

पुण्यात चाळीस वर्षं सायकल चालवून मी एक विद्या कमावली आहे: माणसाची मान वाचायची. रिक्षा कुठं वळणार हे रिक्षावाल्याचा हात सांगत नाही, मान सांगते. बसच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले, म्हणजे त्यालाही मी दिसले. एवढ्या हिशेबावर मी अलका टॉकीजचा चौक हजारो वेळा ओलांडला असेल. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत, भाच्याच्या घराजवळच्या सिग्नल नसलेल्या चौकात एक पांढरी गाडी माझ्यासाठी थांबली आणि मी सवयीनं काचेतून आत पाहिलं, तेव्हा पोटात खड्डाच पडला. ड्रायव्हरच्या जागी कुणी नव्हतं. छपरावरचं यंत्र मात्र गरगर फिरत होतं.

“मावशी, तुझ्यासाठीच थांबलीय ती. जा ना!” भाचा मागून ओरडला. मी गेले नाही. उतरले आणि सायकल हातात धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मिशन भागातल्या सायकलच्या दुकानात गेले. भाच्याच्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकाला आउट आला होता. रबर, साखळीचं तेल आणि पंक्चरचं सोल्युशन यांचा तोच वास. डोळे मिटले असते तर मी नारायण पेठेतच असते. आउट काढणारी बाई पन्नाशीची, नखांत तेल मुरलेली. रोज रात्री दुकान बंद करून सायकलनंच घरी जाते. तिला मी कालची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. चाक फिरवत म्हणाली, “पाच पूर्णांक सहा सेकंद. मी तो आकडा विसरू शकत नाही.”

तो आकडा अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहराचा. १८ मार्च २०१८च्या रात्री एक बाई सायकल हातात धरून रुंद रस्ता ओलांडत होती. उबरची चाचणीतली स्वयंचलित गाडी ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगानं आली आणि ती बाई गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं छडा लावला, तेव्हा कळलं की गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतरावरून. पण यंत्र तिला कधी वाहन समजे, कधी ‘इतर वस्तू’, कधी सायकल. नाव बदललं की आधीची वाटचाल पुसली जाई, मग ती कुठं चालली आहे हे पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यात मधूनच चालत येणारं माणूस असू शकतं, हे त्या यंत्राला शिकवलेलंच नव्हतं. धोका कळल्यावरही ते एक सेकंद थांबे, उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून. आणि कारखान्यातून गाडीसोबत आलेली आपोआप ब्रेक लावणारी सोय, यंत्राच्या ताब्यात गाडी असताना बंद ठेवलेली होती. देखरेखीसाठी बसवलेल्या व्यक्तीची नजर मोबाइलवर होती.

हे ऐकताना मला कालची मी दिसत होते. सायकल हातात धरून उभी.

त्या गाडीला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, ५.६ सेकंद दिसत होतं. दिसल्यावर काय करायचं, हे ठरवणाऱ्या माणसांनी ते चुकीचं ठरवलं होतं. माझा राग यंत्रावर नाही, त्या बंद ठेवलेल्या ब्रेकवर आहे.

त्यानंतर गाड्या पुष्कळ सुधारल्या, हे मान्य करायलाच हवं. वेमो या कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे, रडार आणि लेसरनं अंतर मोजणारी लायडार असते. अंधार तिला आपल्याइतका अडवत नाही, ती दारू पीत नाही, फोन बघत नाही. प्रवासी उतरताना मागून सायकल येत असेल तर आत सूचना मिळते. पुण्यात उभ्या गाडीच्या उघडलेल्या दारावर आपटून खांदा निखळलेल्या माझ्यासारखीला याची किंमत कळते. कंपनीच्याच संशोधकांनी २०२५मध्ये ५ कोटी ६७ लाख मैलांचा हिशेब मांडला. माणूस चालवतो त्या गाड्यांच्या तुलनेत सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात ८२ टक्क्यांनी कमी. हिशेब त्यांचा आहे, हे लक्षात ठेवूनही आकडा मोठा आहे.

पण फेब्रुवारी २०२४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच वेमोच्या गाडीची एका सायकलस्वाराला धडक बसली, सुदैवानं खरचटण्यावर निभावलं. तो समोरून येणाऱ्या ट्रकच्या मागे झाकला गेला होता, असं कंपनीनं सांगितलं. ट्रकच्या मागे कुणीतरी असणारच, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. न दिसणाऱ्याचा अंदाज घेणं ही निराळी विद्या आहे, ती पक्की झाल्याशिवाय माझा विश्वास पुरा बसणार नाही.

“मग तुम्ही रोज रात्री कशा जाता?” मी विचारलं.

“काचेत बघायचं सोडलं,” ती म्हणाली. “काच नको, चाक बघा. पुढचं चाक खोटं बोलत नाही.” बोलता बोलता तिनं एक स्पोक पाव फेरा आवळला, चाक फिरवलं. आउट गेला होता.

संध्याकाळी मी तिच्यासोबत दोन चौक गेले. दुसऱ्या चौकात तसलीच रिकामी गाडी येऊन थांबली. ती पाय न टेकता सायकलवर तोल सांभाळत जागच्या जागी राहिली. २०१५मध्ये ऑस्टिनमध्ये गूगलच्या स्वयंचलित गाडीसमोर एका सायकलस्वारानं असाच तोल धरला होता, तेव्हा ती गाडी जराशी पुढं सरके, पुन्हा थांबे. दोनेक मिनिटं तिला उमगेचना. आज गाडी हलली नाही. बाईनं मग पाय टेकला आणि हातानं गाडीलाच पुढं जायची खूण केली. तरी गाडी उभीच. मी चाकावर नजर ठेवून मनात मोजायला लागले. पाच झाले, सहा झाले. मागच्या गाडीतल्या माणसानं हॉर्न वाजवला.

चाक जागचं हललं नव्हतं. ती पेडलवर उभी राहिली आणि निघाली. मी तिच्या मागोमाग.