शू, शी आणि चावरे दात: पिल्लाला वळण लावताना

आठ आठवड्यांचं पिल्लू घरात आलं की पहिल्या दिवशी नाव ठरतं, दुसऱ्या दिवशी फोटो काढून होतात आणि तिसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय उरतो: हे शू बाहेर कधी करायला लागणार? ते शिकतं, आणि बऱ्यापैकी लवकर शिकतं. उशीर लागतो तो घरातल्या माणसांना त्याच्या वेळा कळायला. ‘हे चूक, हे बरोबर’ असा हिशेब पिल्लाच्या डोक्यात नसतो. आपण काय केलं आणि त्याच्या पाठोपाठ लगेच काय घडलं, एवढीच जोडी ते लक्षात ठेवतं. शू-शी असो, चावणं असो की अंगावर उड्या मारणं, सगळं वळण या एका जोडीवर उभं असतं.

आधी शरीर समजून घ्या

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शी-शूही करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ती होते आणि आईच ती साफ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लू धडपडत झोपायच्या जागेपासून थोडं लांब जाऊन शू करू लागतं. अंथरूण घाण न करण्याची ही ओढ उपजत असते आणि आपलं सगळं काम तिच्याच जोरावर चालतं. म्हणूनच अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्या घाणीत दिवस काढलेल्या पिल्लाला वळण लावणं जास्त कठीण जातं, कारण त्याची ती ओढच बोथट झालेली असते. विकत घेताना पिल्लाची आई आणि राहायची जागा पाहायला मागा. आपल्याकडे 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही.

आठव्या-नवव्या आठवड्यापासून दुसरी गोष्ट सुरू होते. पिल्लाला पायाखालच्या पृष्ठभागाची सवय लागते. मातीवर शू करणारं मातीच शोधतं, कागदावर करणारं कागद शोधतं. त्यातही द्रव शोषून घेणारं काहीतरी त्याला आवडतं. पायपुसणं, गालिचा आणि धुवायला काढलेले कपडे यांच्यावरच संकट का येतं, त्याचं उत्तर हे आहे.

तिसरी गोष्ट मूत्राशयाची. एक ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. पण ही मर्यादा शांत पडलेल्या पिल्लाची. जागं असेल, खेळत असेल, तर अर्ध्या-पाऊण तासातही शू होते.

वेळापत्रक

शू-शीच्या वेळा ठरलेल्या असतात: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, पाणी प्यायल्यावर, दंगामस्ती झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. पोटात अन्न पडलं की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे जेवणानंतरची शी जवळजवळ हमखास. म्हणून खाण्याच्या वेळा पक्क्या करा. या वयात दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावं आणि पंधरा-वीस मिनिटांनी भांडं उचलावं. दिवसभर भरलेलं भांडं समोर राहिलं तर शीची वेळ कधीच सांगता येत नाही. पाणी मात्र दिवसा कधीही काढून घेऊ नये, उन्हाळ्यात तर नाहीच.

आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी घालण्याची जुनी रीत आहे. गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि पातळ शी होते. पातळ शी कोणत्याच पिल्लाला धरून ठेवता येत नाही, मग वळण लावणार कसं? जंत झाले असतील तरी हीच अडचण येते, म्हणून जंताचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना द्या.

या ठरलेल्या वेळांखेरीज पिल्लू स्वतःही सूचना देतं. खेळता खेळता एकदम थांबतं, नाक जमिनीला लावून गोल फिरतं, कोपऱ्याकडे किंवा दाराकडे चालू लागतं. हे दिसलं की त्याला उचला. तिसऱ्या मजल्यावरून चालवत नेलं तर ते लिफ्टमध्येच बसेल, पण कडेवर घेतलेलं पिल्लू सहसा शू करत नाही.

दर वेळी एकाच जागी न्या. पट्टा लावून उभे राहा, त्याच्याशी खेळू नका, तीन-चार मिनिटं थांबा. शू सुरू झाली की हळू आवाजात एकच शब्द म्हणा, ‘शू कर’ किंवा तुमच्या घरात चालेल तो. संपली की त्याच जागी, लगेच, खाऊचा छोटा तुकडा आणि कौतुक. वर येऊन डबा उघडून दिलेला खाऊ पिल्लाच्या हिशेबी ‘घरात शिरण्याचा’ असतो, शूचा नाही.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. शू झाल्याबरोबर आपण पिल्लाला वर आणतो. बाहेरची मजा शूनंतर संपते हे त्याच्या लक्षात येतं आणि ते शू लांबवायला शिकतं. म्हणून आधी शू, मग थोडं फिरणं. खाली काहीच झालं नाही, तर वर आणून दहा मिनिटं मांडीवर किंवा नजरेसमोर ठेवा आणि पुन्हा न्या. मोकळं सोडलंत तर सोफ्यामागे तळं ठरलेलं.

फ्लॅटमधली अडचण: लसी

लसीकरण पूर्ण होण्याआधी पिल्लाला रस्त्यावर उतरवणं धोक्याचं असतं. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लस न घेतलेल्या पिल्लांचा जीव घेतो. लसी साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. तोवर काय करायचं?

बरेच जण बाथरूम दाखवतात. पण हल्ली हॉलपासून बाथरूमपर्यंत सगळीकडे फरशीच असते. पिल्लाच्या पायांना दोन्ही सारख्याच लागतात, मग एकीवर शू चालते आणि दुसरीवर ओरडा बसतो हे त्याने ओळखायचं कसं? रद्दीचे कागद स्वस्त पडतात, पण पुढे टीपॉयवरून घसरून जमिनीवर पडलेला ताजा पेपरही त्याच कामाला येतो. त्यापेक्षा नर्सरीतून लॉनचा तुकडा आणा, उथळ ट्रेमध्ये घालून गॅलरीत ठेवा आणि दर काही दिवसांनी बदला. पुढे खाली न्याल तेव्हा पायाखाली तोच पृष्ठभाग असेल. पहिल्या काही वेळा शूचा वास असलेला गवताचा तुकडा खालच्या जागी नेऊन टाका, म्हणजे जागा पटते.

लसी होईपर्यंत जमिनीवर न उतरवता कडेवर घेऊन बाहेर मात्र जरूर न्या. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख होण्याचा असतो. रिक्षाचा आवाज, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, शाळेतून सुटलेली मुलं हे सगळं या काळात पाहिलेलं पिल्लू पुढे घाबरून भुंकत नाही.

घरात मोकळं किती सोडायचं

सुरुवातीला पूर्ण घर देऊ नका. एक खोली, किंवा जाळी लावून अडवलेला कोपरा पुरे. लक्ष ठेवणं शक्य असेल तेव्हा मोकळं. नसेल तेव्हा त्याच्या जागेत. पट्ट्याचं टोक स्वतःच्या कमरेला बांधून घरकाम करणं हाही सोपा उपाय आहे, कारण पिल्लू नजरेआड जात नाही. झोपण्यासाठी क्रेट, म्हणजे पिल्लाचा पिंजरा, वापरत असाल तर त्यात उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून पडता यावं, एवढाच तो असावा. फार मोठा असला तर एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला शू अशी सोय होते. शिक्षा म्हणून तिथे कधीही कोंडू नका.

रात्री पिल्लू रडतं ते बहुधा एकटेपणाने. पहिले काही दिवस त्याची जागा तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. मध्यरात्री एक-दोनदा उठावं लागेल. दिवा न लावता, न बोलता शूला न्या आणि परत आणून ठेवा.

फरशीवर तळं दिसलं तर

नाक घासणं, पेपरची गुंडाळी उगारणं, ‘हे काय केलंस?’ म्हणून ओढत नेणं, यातलं काहीही उपयोगाचं नाही. शू झाल्यावर काही सेकंदांनीसुद्धा मिळालेली शिक्षा पिल्लू त्या शूशी जोडत नाही. ‘पण त्याला कळतं, बघा कसं तोंड करतं!’ असं सगळेच म्हणतात. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. अपराधी चेहरा कुत्र्याने आगळीक केली होती की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. काहीही न केलेले कुत्रेही ओरडा बसला की तसाच चेहरा करत. म्हणजे ते तोंड आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतं, केल्याची कबुली नव्हे.

मारहाणीतून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करतं आणि खाली पट्ट्यावर अर्धा तास फिरवलं तरी करत नाही, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही असता.

प्रत्यक्ष शू करताना दिसलं तर हलकीशी टाळी वाजवा, उचला, ठरलेल्या जागी न्या. उरलेली तिथे झाली तर कौतुक करा. नंतर दिसलं तर फक्त पुसा. आधी कागदाने टिपून घ्या, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. ते वास आणणारे घटक मोडून टाकतं. फिनेलने वास आपल्याला येईनासा होतो, कुत्र्याला येतच राहतो आणि ती जागा त्याच्या लेखी ठरलेली राहते. शिवाय काळं फिनेल चाटण्यात आलं तर विषारी ठरतं. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

पाहुणे आले की काही पिल्लं अंग चोरून थोडीशी शू करतात. ही भीतीने किंवा आनंदाने आपोआप होणारी गोष्ट आहे. रागावलं तर वाढते. अशा पिल्लावर वाकू नका. बाजूला बसा, त्यालाच जवळ येऊ द्या. वयाबरोबर बहुतेकांची ही सवय जाते.

चावणं, कुरतडणं, उड्या

पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे समोर येईल ते कुरतडलं जातं. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही. चावायची खेळणी द्या आणि चपला कपाटात ठेवा.

किती जोरात चावायचं हे पिल्लं भावंडांशी खेळताना शिकतात; जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ मोडतं. घरातही तोच नियम चालवा. दात लागले की हात स्थिर, खेळ बंद, पंधरा-वीस सेकंद पाठ फिरवा. मग हाताऐवजी खेळणं पुढे करा. हात झटकला, किंचाळत पळालं, की त्याला तो खेळच वाटतो. लहान मुलांच्या मागे पिल्लू लागतं ते यामुळे. संध्याकाळी पिल्लू पिसाटल्यासारखं चावत सुटलं, तर बहुधा त्याची झोप झालेली नसते. या वयात त्याला दिवसाकाठी अठरा तासांच्या आसपास झोप लागते. लसी अपुऱ्या असलेल्या पिल्लाचा दात लागून कातडी फाटली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

अंगावर उड्या मारणं किंवा ताटाशी बसून भुंकणं यामागेही तीच जोडी असते. उडी मारली की ‘अरे, अरे’ म्हणत आपण हात लावतो, म्हणजे लक्ष मिळालं. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात लावा. लक्ष देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस भुंकणं कमी होण्याऐवजी वाढतं, कारण आजवर चालत आलेली युक्ती पिल्लू जास्त जोर लावून करून पाहतं. नेमकं तेव्हा कंटाळून पोळीचा तुकडा टाकला, तर जास्त भुंकल्यावर पोळी मिळते हा धडा पक्का होतो. कधी मिळणं आणि कधी न मिळणं ही तर सवय घट्ट करण्याची सर्वांत खात्रीची रीत. म्हणून आजोबांपासून नातवापर्यंत घराचा नियम एकच हवा.

डॉक्टरांकडे कधी

सारखी थोडी थोडी शू, शूतून रक्त, शू करताना कण्हणं, किंवा वळण लागल्यावर अचानक घरात होऊ लागणं ही संसर्गाची लक्षणं असू शकतात. तिथे शिकवणी थांबवा आणि तपासून घ्या.

एवढं सांभाळलं तर बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांची होईपर्यंत घर स्वच्छ ठेवू लागतात. छोट्या जातींना जास्त वेळ लागतो, क्वचित वर्षही. मधूनच एखादा वाईट आठवडा येतो. तेव्हा वेळापत्रक दोन पावलं मागे न्यायचं, एवढंच. आणि पिल्लू आणण्याआधी एका गोष्टीचा विचार करा: घर रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद असतं का? असेल, तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका. दत्तक द्यायला ठेवलेला, मोठा झालेला एखादा देशी कुत्रा आणा. त्याचं मूत्राशय पक्कं झालेलं असतं, वळण लावायला वेळ कमी लागतो आणि त्यालाही घर हवंच असतं.