परदेशातले पार्सल आणि कस्टमचा कागद : लिहायचे इथे, उत्तर द्यायचे तिथे

पारोळा, अमळनेर, एरंडोल, धुळे या बाजूची कितीतरी मुले आज आखाती देशांत नोकरीला आहेत. काही इंग्लंड-अमेरिकेतही आहेत. घरून त्यांच्यासाठी ईदचे कपडे, चादरी, मसाला, पापड-लोणचे, एखादे नेहमीचे औषध असे काही ना काही जात असते. पार्सल वेळेवर मिळाले तर सर्वांना आनंद, आणि अडकले तर फोनवर फोन. मग कोणी टपाल खात्याला दोष देतो, कोणी कुरियरवाल्याला, तर कोणी तिकडच्या अधिकाऱ्याला.

आम्ही कापडाच्या व्यापारातली माणसे. ट्रकबरोबर बिल आणि बिल्टी नसेल तर माल वाटेत अडतो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. परदेशी पार्सलाचेही तसेच आहे. फरक एवढाच की इथे कागद लिहितो एक आणि जबाब देतो दुसरा. पार्सल पारोळ्याहून निघाले तरी तिकडच्या कायद्याच्या नजरेत माल मागवणारा, म्हणजे आयातदार, हा ते घेणारा मुलगा असतो. आपण इथे जे लिहिले किंवा लिहायचे टाळले, त्याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

कागदावर काय लिहावे

टपालाने पार्सल पाठवताना जो कस्टमचा फॉर्म भरून घेतात, त्याला सीएन २२ किंवा सीएन २३ म्हणतात. लहान व कमी किमतीच्या पाकिटाला पहिला, मोठ्या पार्सलाला दुसरा. हे फॉर्म जागतिक टपाल संघाने ठरविलेले असल्यामुळे सगळीकडे सारखेच आहेत. २०२१ पासून हीच माहिती संगणकावरून आगाऊ पाठविण्याचाही नियम झाला आहे. म्हणजे पेटी विमानात असतानाच तिच्यातला माल तिकडे कागदावर वाचला जातो.

आपल्याकडे पुष्कळ जण फॉर्मवर नुसते ‘कपडे’ किंवा ‘घरगुती सामान’ लिहून मोकळे होतात. अशा शब्दांवरून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. मग पेटी बाजूला पडते आणि फोडली जाते. त्याऐवजी ‘सुती बेडशीट, नवीन, २ नग, वजन अमुक, किंमत अमुक’ असे स्वच्छ लिहावे. प्रत्येक जिनसाची वेगळी ओळ असावी. मालाला जगभर चालणारा एक क्रमांक असतो, त्याला एचएस कोड म्हणतात. बेडशीट ६३०२ मध्ये येते, ओढणी व शाल ६२१४ मध्ये. हा क्रमांक लिहिला की भाषेची अडचण उरत नाही.

ड्यूटी कशी लागते

आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी, म्हणजे सौदी अरब, अमिरात, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन यांनी, २००३ मध्ये कस्टम्सची एकच व्यवस्था स्वीकारली. बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर ५ टक्के असा सामाईक दर ठरला. सौदीने मात्र २०२० मध्ये अनेक वस्तूंवरचा दर वाढविला. याशिवाय व्हॅट वेगळा. अमिरात व सौदीत तो २०१८ पासून ५ टक्क्यांनी सुरू झाला आणि सौदीने जुलै २०२० पासून तो १५ टक्के केला. दुबईत पूर्वी १,००० दिरहमपर्यंतच्या पार्सलाला ड्यूटी लागत नसे. १ जानेवारी २०२३ पासून ती मर्यादा ३०० दिरहमवर आणली गेली. जुन्या माहितीवर विसंबणारे इथेच फसतात.

हिशेब कसा होतो ते पाहा. समजा, दुबईला पाठविलेल्या मालाची किंमत ८०० दिरहम आणि पाठविण्याचा खर्च २०० दिरहम आहे. ड्यूटी नुसत्या मालावर लागत नाही, वाहतूक व विमा धरून लागते. म्हणजे १,००० दिरहमवर ५ टक्के, ५० दिरहम. व्हॅट लागतो तो ड्यूटीसह झालेल्या १,०५० वर, म्हणजे साडेबावन्न दिरहम. एकूण साडेएकशेदोन. कुरियर असेल तर कागदपत्रांची त्याची हमाली निराळी. हा हिशेब मुलाला आधीच कळविला, तर पार्सल दारात आल्यावर त्याला धक्का बसत नाही.

कमी किंमत लिहिण्याचा मोह

ड्यूटी वाचावी म्हणून हजाराचा माल शंभराचा लिहिणारे लोक आहेत. हा सौदा घाट्याचा आहे. अधिकाऱ्याला किंमत पटली नाही तर तो बिल मागतो, किंवा बाजारभावाने स्वतः किंमत ठरवितो आणि वर दंड लावू शकतो. तो दंड भरतो मुलगा. शिवाय पार्सल वाटेत हरवले, तर आपण जी किंमत लिहिली तिच्यापेक्षा जास्त भरपाई मागायला तोंड राहत नाही.

‘गिफ्ट’ या शब्दाचेही तसेच. घरच्या माणसाला पाठविलेली वस्तू भेटच आहे, तशी खूण अवश्य करावी. पण भेटीला सर्वत्र माफी असते हा समज चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये भेटीची माफी ३९ पौंडांपर्यंत आहे, युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जी सरसकट सूट होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणेच थांबविले होते. १५ ऑक्टोबर २०२५ ला ती पुन्हा सुरू झाली, ती पाठविणाऱ्याकडून ड्यूटी इथेच भरून घेण्याच्या पद्धतीने.

उलट दिशेचेही ध्यानात असू द्यावे. तिकडून मुलगा घरी पार्सल पाठवितो, तेव्हा ‘भेट आहे’ म्हणून माफी मागण्याची सोय डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने काढून टाकली. जीवरक्षक औषधे व राखी यांचाच अपवाद ठेवला. पूर्ण ड्यूटी भरून मात्र वस्तू घेता येते.

मसाल्याच्या डब्यातला धोका

आतापर्यंत गोष्ट पैशाची होती. यापुढची तुरुंगाची आहे. आपल्या घरच्या मसाल्यात खसखस पडते, त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. पण खसखस हे अफूच्या बोंडातले बी. अमिरात व सौदीत ती मनाई असलेल्या वस्तूंत मोडते, आणि मामला अमली पदार्थांच्या कायद्यात जाऊ शकतो. आईने मायेने भरलेल्या पुडीपायी मुलाची नोकरी आणि व्हिसा दोन्ही जाऊ शकतात. म्हणून मसाला पाठवायचाच असेल तर तो खसखशीशिवाय कुटावा. विड्याची पाने, गुटखा, तंबाखू पाठवूच नये.

औषधांचे तर याहून नाजूक आहे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल. तिकडे यांवर कडक नियंत्रण आहे. डॉक्टरांना औषधातले घटक विचारावेत, चिठ्ठी सोबत ठेवावी, आणि अमिरातीसाठी तिथली सरकारी परवानगी आवश्यक आहे काय ते मुलाने आधी पाहावे.

टपालाचा खर्च वाचविण्यासाठी जाणाऱ्या माणसाच्या हाती पुडके देण्याची आपल्याकडे रीत आहे. दुसऱ्याची वस्तू पोहोचविणे ही अमानत खरी, पण बंद पुडके ही अमानत नव्हे. २०१९ मध्ये मुंबईचे एक जोडपे कतारला गेले. नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात चरस निघाला आणि दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. अपील, पुरावे, धावपळ असे करत २०२१ मध्ये ती निर्दोष सुटली. तोवर त्यांचे मूल तुरुंगातच जन्मले होते. पुडके देणाऱ्याने ते उघडे द्यावे, घेणाऱ्याने बघून घ्यावे. यात रुसण्यासारखे काही नाही.

घेणाऱ्याने काय करावे

मुलाने आपले नाव पासपोर्टवर आहे तसेच कळवावे. घरच्या लाडक्या नावाने आलेले पार्सल सोडविताना ओळख पटत नाही. पत्त्याबरोबर तिथला मोबाइल नंबर हवाच. सौदीत इकामा क्रमांक, अमिरातीत एमिरेट्स आयडी हाताशी ठेवावा. मालाच्या बिलाचा आणि टपालाच्या पावतीचा फोटो इथून त्याच दिवशी पाठवावा. कस्टम्सचा निरोप आल्यावर चालढकल करू नये, कारण गोदामाचे भाडे चढत जाते आणि मुदतीनंतर माल परत जातो किंवा नष्ट होतो.

मात्र निरोप खरा आहे ना, हे आधी पाहावे. ‘तुमचे पार्सल अडकले, या लिंकवर पैसे भरा’ असे खोटे संदेश हल्ली सर्रास येतात. आपल्याकडेही ‘कस्टम्समधून बोलतो, तुमच्या पार्सलात नशेचा माल सापडला’ म्हणून घाबरवून पैसे उकळणारी टोळकी आहेत. पावतीवरचा नंबर टपाल खात्याच्या किंवा कुरियरच्या अधिकृत ठिकाणी स्वतः तपासावा. फोनवर कोणालाही पैसे पाठवू नयेत.

कारागिरांसाठी

शेवटी एक गोष्ट धंद्याची. मुलांच्या ओळखीने तिकडची गिऱ्हाइके मिळतात, मग विक्रीचा माल भेट म्हणून पाठविला जातो. हे करू नये. पारोळ्याच्या लुगड्यांच्या व्यापाराची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात आहे. ज्या गावाचा माल असा नावाने विकला गेला, तिथल्या कारागिराने चोरवाटेने का जावे? आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, ५०० रुपये फी भरून संगणकावर मिळतो. टपाल खात्याने २०२२ पासून ठिकठिकाणी डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तिथे निर्यातीचा कागद संगणकावरच भरता येतो आणि त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. असा माल खात्यावर दिसतो, पैसे बँकेत रीतसर येतात, आणि पुढची ऑर्डर मागायला तोंड राहते.

तेव्हा पेटीला दोरी बांधण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आतला जिन्नस नि जिन्नस यादीशी ताडून पाहावा, आणि ती यादी ज्याच्या नावाने पार्सल जाणार त्याला वाचून दाखवावी. तो ‘ठीक आहे’ म्हणाला, मगच गाठ मारावी.