बार्शी लाईट : एकशे अकरा वर्षांचा मागोवा

सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडी ते बार्शी ही २१ मैलांची नॅरोगेज रेल्वे मार्च १८९७ मध्ये वाहतुकीला खुली झाली. बार्शी लाईट रेल्वे कंपनी हे तिचे अधिकृत नाव. लोकांच्या तोंडी ती 'बार्शी लाईट' झाली. पुढच्या तीस वर्षांत हा फाटा पंढरपूर, लातूर आणि मिरज गाठत २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा झाला. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांना जोडणारा हा लोहमार्ग.

या रेल्वेच्या जन्माला कारण ठरली बार्शीची पेठ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५९ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. बार्शी या मार्गापासून दूर राहिली. कुर्डुवाडीच्या स्थानकालाच 'बार्शी रोड' असे नाव मिळाले. बार्शी ब्रिटिश हद्दीत होती, पण तिचा व्यापार उभा होता निजामाच्या राज्यातल्या मालावर. बालाघाट उतरून येणाऱ्या बैलगाड्यांतून कापूस, गळिताची धान्ये, तूर आणि ज्वारी बार्शीला येई, तिथे अडत होई आणि मग तोच माल पुन्हा गाड्यांत भरून बार्शी रोडला जाई. काळ्या रानातला रस्ता पावसाळ्यात बसला की माल पेठेतच पडून राही. आगगाडी २१ मैलांवर असूनही तिचा लाभ ऋतूवर अवलंबून होता.

जीआयपीच्या नोकरीत १८८२ मध्ये भारतात आलेल्या एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही अडचण हेरली. रॉबर्ट स्टीफन्सनच्या कारखान्यात त्याने सुरुवात केली होती आणि पुढे क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली होती. मोठ्या रेल्वेला माल आणून देणारे स्वस्त पोषक फाटे भारताच्या ग्रामीण भागात घालावेत, असा त्याचा आग्रह होता. सरकारी मंजुरीची वाट पाहण्यात बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली, सरकारशी करार झाला आणि कॅल्थ्रॉपला आपला विचार प्रत्यक्षात आणून दाखवण्याची संधी मिळाली.

त्या काळात नॅरोगेज म्हणजे मोठ्या रेल्वेची लहान केलेली नक्कल, असाच बहुतेकांचा समज होता. कॅल्थ्रॉपचा हिशेब निराळा होता. रुळावर गाडीचे एकूण वजन एकदम येत नाही, ते एकेका आसामधून येते. म्हणून इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, असा नियम त्याने घातला आणि सगळी गाडी त्या नियमाभोवती आखली. नियम पाळला तर यार्डाला ३० पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा रूळ पुरतो. आज भारतातल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, यावरून तो किती हलका होता हे ध्यानात यावे. रूळ हलका, म्हणून पूल, भराव आणि खडीचा खर्चही कमी. रुळांतले अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी.

पाच टनांच्या मर्यादेत ताकदीचे इंजिन बसवायचे, तर वजन जास्त चाकांवर वाटावे लागते. लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चाके होती आणि त्यांच्या मागे चार लहान चाके. सहा आस, प्रत्येकी पाच टन, असे सारे इंजिन तीस टनांच्या आत. मालडब्याला चार आस, म्हणजे मालासह वजन वीस टनांपर्यंत. यात डब्याचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल जास्त, हे ओळखून लाकडी सांगाड्याऐवजी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे वापरले गेले. ते लीड्स फोर्ज कंपनीने पुरवले. बार्शी लाईटची खरी करामत या सांगाड्यांत होती. रिकामा डबा हलका असल्यामुळे अरुंद रुळावरची गाडी भरघोस माल ओढू शकली. भारतात पाठवण्याआधी ही सगळी सामग्री लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून पाहिली गेली आणि ते प्रयोग पाहायला लष्करी अधिकारीही आले होते. युद्धात घाईने टाकायच्या रेल्वेसाठी लष्कराला अशाच हलक्या आणि परस्परांत बदलता येणाऱ्या सामग्रीची गरज होती.

बार्शीच्या यशावर कॅल्थ्रॉपचे नाव झाले. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातली लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे त्याने याच मापाने उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि तीस वर्षांतच, १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची धाकटी बहीण इतक्या लवकर गेली, यावरूनच बार्शी लाईटचे टिकणे किती मोलाचे होते ते कळते. कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी घेण्याच्या छत्रीकडे वळला आणि 'गार्डियन एंजल' नावाचे पॅराशूट त्याने तयार केले. अरबी घोड्यांचाही तो शौकीन होता. आज त्याचा उल्लेख जगभर पॅराशूटच्या इतिहासात आढळतो. ज्या बार्शीत त्याची कल्पना पहिल्यांदा रुळावर धावली, तिथे मात्र तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

रेल्वे सुरू झाली ते वर्ष दुष्काळाचे होते. १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला होता आणि दोनच वर्षांनी त्याहून भीषण दुष्काळ पडला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर कोरडवाहू मुलखात रेल्वे नेणे हा सरकारी धोरणाचा भाग झाला होता. लोहमार्गाने पाऊस पाडता येत नाही. पण धान्य आणता येते आणि हाताला काम असलेल्या गावी माणसे नेता येतात. त्याच लोहमार्गावरून धान्य महागड्या बाजाराकडे बाहेरही जाते, हा आक्षेप त्या काळी घेतला जात होता आणि तो खोटा नव्हता.

विस्ताराचा पहिला मोठा टप्पा पंढरपूरचा. कुर्डुवाडीहून मोडनिंब आणि आष्टीमार्गे पंढरपूरकडे जाणारा ३१ मैलांचा मार्ग १९०६ मध्ये सुरू झाला. बार्शीची शाखा मालावर जगत होती, ही शाखा वारकऱ्यांवर. पायी वारीचे व्रत मोडणारे वारकरी नव्हतेच. पण जाताना दिंडीबरोबर चालत गेलेला शेतकरी परतताना पेरणीच्या ओढीने गाडी धरी. शिवाय म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या बाया यांना पंढरी पहिल्यांदाच आटोक्यात आली. आषाढी-कार्तिकीला डबे कमी पडत आणि माणसे टपावर बसून प्रवास करीत.

दुसऱ्या बाजूला बार्शीहून पूर्वेकडे मार्ग सरकला तो निजामाच्या हद्दीत. येडशीजवळ बालाघाटाची चढण चढून तो तडवळ्याला पोहोचला आणि ढोकी, मुरुड करत १९११ मध्ये लातूरला. या टप्प्याने मुलखाचा नकाशा बदलला. पूर्वी माल बालाघाट उतरून बार्शीला येई. आता बाजारच घाटावर, मालाच्या दारात जाऊन बसला. रेल्वे आल्यानंतर सहाच वर्षांनी, १९१७ मध्ये, लातूरला गंजगोलाईची उभारणी झाली. मधोमध गोल वास्तू, तिच्यात अंबाबाईचे देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी तिची रचना. एकेका रस्त्याला एकेका मालाची दुकाने लागत गेली. तूर, करडई आणि पुढच्या काळात सोयाबीनच्या व्यापारात लातूरने जे नाव कमावले, त्याचा पाया या वर्षांत घातला गेला. त्याची किंमत बार्शीला मोजावी लागली. जिच्या नावाने रेल्वे धावत होती, त्या पेठेचा घाटावरचा माल तिच्याच रेल्वेने वाटेत अडवला.

उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, मात्र बाजूला राहिले. जिल्ह्याचे ठिकाण असूनही मार्ग येडशीवरून निघून गेला. गावात आगगाडी यायला पुढे जवळपास शंभर वर्षे लागली.

तिसरा टप्पा पंढरपूर ते मिरज. सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग अशा माणदेशी आणि अवर्षणप्रवण पट्ट्यातून हा मार्ग १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. कॅल्थ्रॉपचे निधन त्याच वर्षी झाले. मिरजेला तेव्हा मीटरगेजचा पुणे-बेळगाव मार्ग होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून ब्रॉडगेज आली आणि ब्रॉड, मीटर व नॅरो हे तिन्ही गेज एकाच स्थानकात नांदू लागले. अशी स्थानके देशात मोजकीच होती. १९२७ पासून बार्शी लाईट ब्रिटिश मुलूख, निजामाचे राज्य आणि मिरजेसारखी दक्षिण महाराष्ट्रातली संस्थाने अशा तिन्ही राजवटींतून धावत होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, तेव्हा बार्शी आणि येडशी यांच्यामधली राज्याची सीमा पुसली गेली.

बार्शी लाईटचे व्यंग तिच्या जन्माबरोबरच आले होते आणि ते दिसे कुर्डुवाडीच्या माल धक्क्यावर. लातूरहून आलेली पोती नॅरोगेजच्या डब्यातून हमालांच्या पाठीवर उतरत आणि पलीकडे ब्रॉडगेजच्या डब्यात चढत. मुंबईहून येणारे कापड, मीठ, रॉकेल, लोखंड यांचा प्रवास याच्या उलट. प्रत्येक नगाला दोनदा हात लागे. आकड्याने पोते फाटे, धान्य सांडे, ब्रॉडगेजचा डबा वेळेवर मिळाला नाही तर माल धक्क्यावर थांबे. या कामावर कुर्डुवाडीतल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या हेही खरे. रेल्वेचे कार्यालय, कारखाना आणि वसाहत यांमुळेच कुर्डुवाडीला गावपण आले. बैलगाडीशी तुलना होती तोवर ही चढउतार परवडत होती.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. १९५१-५२ मध्ये देशातल्या बहुतेक रेल्वेंची विभागवार पुनर्रचना झाली, तेव्हाही बार्शी लाईट खाजगी कंपनीकडेच होती. मालक बदलला तरी रूळ तेच राहिले. दरम्यान डांबरी रस्ते झाले, एसटी गावोगाव पोहोचली आणि लातूरच्या अडतीतून भरलेला ट्रक थेट मुंबईच्या मशीद बंदरात रिकामा होऊ लागला. मालाने आधी पाठ फिरवली, मग घाईतल्या प्रवाशाने. उरला तो बाजारहाट करणारा, शाळा-कॉलेजला जाणारा आणि वारीला निघालेला प्रवासी. वाफेच्या इंजिनांच्या जागी डिझेल इंजिने आली, पण त्यांनी वेग फारसा वाढला नाही, कारण अडचण इंजिनाची नव्हती. हलका रूळ, तीव्र वळणे आणि अरुंद गेज, म्हणजे ज्या गोष्टींमुळे रेल्वे स्वस्तात उभी राहिली, त्याच आता तिला पुढे जाऊ देत नव्हत्या.

ब्रॉडगेजची मागणी मराठवाड्यात अनेक वर्षे होत होती. रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर पट्टा २००१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. लातूर-उस्मानाबाद २००७ मध्ये आणि उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८ मध्ये खुला झाला. नवी आखणी करताना मार्ग उस्मानाबादवरून वळवण्यात आला आणि शंभर वर्षांची ती उणीव भरून निघाली. लातूरचे जुने स्थानक भर वस्तीत होते. नवे गावाबाहेर झाले. शेवटी पंढरपूर-मिरज राहिला. तिथली नॅरोगेज २००८ मध्ये थांबली आणि बार्शी लाईटची १११ वर्षांची धाव संपली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या मार्गावरही ब्रॉडगेजची गाडी आली.

एकशे अकरा वर्षांचा हिशेब मांडला तर या रेल्वेच्या पदरात अपयश टाकता येत नाही. तिचे माप जुने झाले, मार्ग जुना झाला नाही. कोणती गावे कोणत्या गावांना जोडायची, हा कॅल्थ्रॉपचा आणि त्याच्या नंतरच्यांचा निर्णय इतका पक्का ठरला की रुंदीकरणात थोडे फेरफार सोडले तर तीच वाट कायम राहिली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची 'जलदूत' गाडी सोडण्यात आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले, पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. त्या गेल्या मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर याच वाटेने. कुर्डुवाडीचा नॅरोगेज कारखानाही टिकून आहे. माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीसाठी तिथेच येतात.