माळ्यावरची हत्यारपेटी

आजोबांची करवत, रंधा आणि पटाशी घरात पडून आहे? भंगारात देण्याआधी म्हैसूरच्या कारागिरांकडे एकदा पाहायला हवे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हैसूरमध्ये घरोघरी आयुधपूजा असते. राजवाड्यात राजघराण्याच्या तलवारी पूजल्या जातात, रस्त्यावर रिक्षांना आणि बसगाड्यांना झेंडूच्या माळा चढतात, आणि गल्लीबोळांतल्या कारखान्यांत करवत, हातोडी, रंधा यांना हळदकुंकू लागते. आपल्याकडची खंडेनवमी ती हीच. या दिवशी कितीतरी घरांत माळ्यावरून एक जड लाकडी पेटी खाली उतरते. घरातले आजोबा किंवा पणजोबा सुतारकाम करीत असत, कुणी पोटासाठी, कुणी हौसेने. पेटी उघडली जाते, हत्यारांवरून कापड फिरते, फूल वाहिले जाते आणि पेटी पुन्हा वर जाते. मग एखाद्या वर्षी घर बदलायचे निघते, माळा रिकामा करावा लागतो आणि तीच पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते.

भंगारवाला लोखंडाचा भाव देतो. पण जुन्या पटाशीचे पाते नुसते लोखंड नसते. धारेच्या बाजूला कडक पोलाद आणि मागे त्याला आधार देणारे मऊ लोखंड, असे दोन धातू लोहाराने तापवून एकजीव केलेले असतात. काही पात्यांवर इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराचे नाव कोरलेले सापडते. आज अशी हत्यारे बाजारात शोधून मिळायची नाहीत. ती वापरायला शिकायचे म्हटले तर मात्र पहिली अडचण उभी राहते. पेटी वारशाने मिळाली, ती चालवणारा हात कुठून आणायचा?

शिसवीचे शहर

म्हैसूर म्हटले की चंदन, रेशीम आणि तुपाने माखलेला म्हैसूरपाक आठवतो. लाकडाचे नाव जरा उशिरा येते, हा या शहरावर अन्यायच म्हणायचा. इथला जुना राजवाडाच लाकडी होता. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसमारंभाच्या वेळी त्याला आग लागली आणि तो जळून गेला. हेन्री आयर्विन या ब्रिटिश वास्तुविशारदाने आखलेला आजचा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला, तो दगडी. लाकूड तेथून हद्दपार मात्र झाले नाही. अंबाविलास सभागृहाकडे जाताना हस्तिदंत जडवलेले शिसवी दार दिसते. पर्यटक तेथे क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. त्या दाराशी दहा मिनिटे उभे राहिले तर पटाशी म्हणजे काय चीज आहे ते कळते.

हेच ते म्हैसूरचे प्रसिद्ध जडावकाम. त्याला आता भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे जीआयचा दर्जा आहे. शिसवीला कन्नडमध्ये ‘बीटे’ म्हणतात. तिच्या गडद फळीवर चित्राची रेखा उतरवायची. फणसाचे पिवळे, कुठले फिकट तर कुठले तांबूस, अशा निरनिराळ्या लाकडांचे पातळ तुकडे बारीक करवतीने चित्राच्या आकारात कापायचे. फळीवर नेमका तेवढाच खोलगट भाग कोरायचा, तुकडा त्यात सरसाने बसवायचा, वरून घासून सगळे एका पातळीत आणायचे आणि शेवटी पॉलिश चढवायचे. हत्तीचा डोळा, बैलाचे वळलेले शिंग, झोपडीवरचे गवत, सारे रंगाशिवाय. खाच कागदाच्या जाडीइतकी जरी मोठी झाली तरी काळी रेघ उघडी पडते आणि ती लपवता येत नाही.

मंडी मोहल्ल्यासारख्या जुन्या वस्त्यांतून हे काम घराण्यांत चालत आले. राजांच्या काळात चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून ते शाळेच्या पद्धतीनेही शिकवले गेले. या कारागिरांवर दोन मोठी संकटे आली आणि दोन्ही कच्च्या मालाची होती. १९८६ मध्ये देशी हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद झाला. हत्तींसाठी ते आवश्यकच होते. पण ज्यांच्या बापजाद्यांनी हस्तिदंत कोरण्यात आयुष्य घालवले, त्यांना पांढऱ्या रंगासाठी फिकट लाकूड आणि प्लॅस्टिक यांच्याकडे वळावे लागले. पुढे शिसवीही दुर्मीळ झाली. २०१७ पासून ती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आली आणि परदेशी माल पाठवण्यासाठी कागदपत्रे आवश्यक झाली. साहित्य बदलले, गिऱ्हाईक बदलले. हत्यारे आणि ती धरण्याची रीत मात्र तीच राहिली, म्हणून कला टिकली.

जाता जाता एक सूचना. आजोबांच्या पेटीत हस्तिदंताचा तुकडा किंवा तो जडवलेली एखादी डबी निघाली तर ती विकायला काढू नये. तो गुन्हा आहे. वनखात्याकडे चौकशी करावी.

आधी ओळख, मग धार

पेटी उघडल्यावर पहिल्या दिवशी लाकडाला हातही लावू नये. नुसती ओळख करून घ्यावी. रुंद, चपट्या पात्याची ती पटाशी. अरुंद पण जाड पात्याचे, हातोडीचे घाव सोसून खोल भोक पाडणारे ते किंकरे. लाकूड तासायचा वाकस, काटकोन पाहायचा गुण्या, दोरीने फिरवून भोक पाडायचा सामता, आणि पाचर ठोकून पाते बसवलेला लाकडी रंधा. म्हैसूरचा सुतार करवतीला ‘गरगस’, पटाशीला ‘उळी’ आणि हातोडीला ‘सुत्तिगे’ म्हणतो. तेथे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना बहुधा दोन्ही नावे ठाऊक असतात.

गंज पाहून घाबरायचे कारण नाही. वरवरचा गंज रात्रभर हलक्या तेलात भिजवून बारीक स्टीलवूलने घासला की जातो. पात्याच्या सपाट पाठीवर, धारेच्या अगदी जवळ, गंजाने खड्डे पाडले असतील तर मात्र तेवढा भाग घासून मागे सारावा लागतो. घाईने इलेक्ट्रिक ग्राइंडरवर धरलेले पाते निळे पडते. निळा रंग दिसला की समजावे, तेवढ्या भागातले पाणी उतरले, तेथे धार टिकणार नाही. ग्राइंडर वापरायचाच असेल तर पाते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावे.

मुठी लाकडी असतात. त्यांना अळशीचे तेल चोळले की जीव येतो. तेलाचे फडके मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. अळशीचे तेल वाळताना तापते आणि बोळा केलेले फडके आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. ते दोरीवर पसरून वाळवावे. आणि मुठीवर आजोबांच्या अंगठ्याने पडलेली खळी पॉलिशपेपरने घासून सपाट करू नये. आपला अंगठा तेथे ठेवून पाहावा. हत्यार कसे धरायचे ते निम्मे तेथेच कळते.

आता धार. नवशिका कंटाळतो तो येथे, आणि बहुतेक पेट्या पुन्हा माळ्यावर जातात त्याही याच ठिकाणावरून. धारेचा दगड पाण्याने किंवा तेलाने ओला करावा. प्रथम पात्याची सपाट पाठ, धारेकडचा निदान अर्धा इंच भाग, आरशासारखा चमकेपर्यंत घासावी. हे काम एकदाच करायचे, पण त्याला तासभरही लागू शकतो. मग उतरती बाजू दगडावर टेकवावी. साधारण २५ अंशांचा उतार असतो. टोकाशी ३० अंशांवर पाते किंचित उचलून घासले तरी चालते. हात वरखाली झुलला की उतार गोल होतो आणि धार येत नाही. नवशिक्याचे सारे अपयश या झुलण्यात असते. थोड्या वेळाने पाठीच्या बाजूला नखाला खरखरेल अशी बारीक कोर उठते. ती पूर्ण कडेवर उठली म्हणजे दगडाचे काम झाले. मग पाठ सपाट टेकवून दोन-चार वेळा ओढली की कोर निघून जाते.

धार आली की नाही, हे काही लोक हातावरचे केस कापून पाहतात. त्यापेक्षा मऊ लाकडाच्या फळीचे आडवे टोक कापून पाहावे. टोक गुळगुळीत आणि चकचकीत कापले गेले तर धार आहे. लाकूड चुरले, पांढरे पडले, तर पुन्हा दगडाकडे. आणि एक नियम कधीही मोडायचा नाही: दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे. डाव्या हाताने फळी धरून उजव्या हाताने पटाशी चालवणे, हे तळव्याला टाके पडण्याचे नेहमीचे कारण. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून फळी पायाने दाबतो, ते पाहायला छान वाटते. नवशिक्याने मात्र शिकंज्यात फळी आवळावी.

जुन्या करवतीचे दाते आधी बोटाने चाचपावेत. काहींचे दाते मुठीकडे वळलेले असतात. अशी करवत ढकलताना नव्हे, ओढताना कापते. हे न कळल्यामुळे चांगल्या करवतीला बोथट ठरवून फेकून दिले जाते. लाकडी रंध्याचेही तसेच. त्याला फिरकी नसते. पात्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की पाते खाली येते, रंध्याच्या मागच्या टोकावर ठोका दिला की वर जाते. जमले की तोंडातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल वळत बाहेर पडते. तो आवाज एकदा ऐकला की माणूस सहसा या छंदातून सुटत नाही.

हे सारे पुरुषांनीच करायचे, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. विळीवर नारळ खवणारा, सुरीला धार कधी गेली हे बरोबर ओळखणारा हात पटाशी का धरू शकणार नाही, याचे उत्तर कुणी देत नाही.

पहिली वस्तू

स्वीडनमध्ये १८७० च्या दशकात ओटो सालोमोन यांनी नेस येथे शिक्षकांना ‘स्लॉयड’ म्हणजे हस्तकौशल्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यात मुलांना नुसते सांधे करायला लावत नसत. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी, पण घरात उपयोगी पडणारी वस्तू प्रत्येक वेळी करायची. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी मांडलेल्या शिक्षणयोजनेतही उपयोगी हस्तव्यवसाय केंद्रस्थानी होता. आपल्या नवशिक्यासाठी अशी वस्तू म्हणजे जेवायला बसायचा पाट. म्हैसूरमध्ये त्याला ‘मणे’ म्हणतात आणि सणावारी तो तेथेही लागतोच.

त्यासाठी शिसवीच्या मागे लागू नये. ती महाग आहे, कर्नाटकात झाड तोडायला परवानगी लागते आणि तिच्या भुशाने काही जणांच्या कातडीला व श्वासाला त्रास होतो. पाडलेल्या घरांच्या चौकटींतला जुना सागवान उत्तम. तो वर्षानुवर्षे वाळलेला असतो. मात्र आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत. तासभर खपून लावलेली धार एका खिळ्यावर क्षणात जाते.

पाट म्हणजे एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढेच. पण सगळे धडे त्यात आहेत. पावसाळ्यात दार घट्ट का बसते? लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ फुगत नाही. पाटाची फळीही तशीच फुगते आणि आक्रसते, आणि पट्ट्या नसतील तर पन्हळीसारखी वळते. म्हणून पट्ट्या लावायच्या, पण पूर्ण लांबीवर सरस लावून त्या जखडून टाकायच्या नाहीत, नाहीतर फळी तडकते. मधला स्क्रू घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीतली भोके थोडी लांबट करावीत. फळीला हलायला तेवढी जागा पुरते.

येथपर्यंत आल्यावर जवळचा एखादा सुतार गाठावा. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजीमध्ये लाकूडकामाचे प्रशिक्षण मिळते, पण ज्याला फक्त सुट्टीच्या दिवशी वेळ आहे त्याच्यासाठी कोपऱ्यावरचे दुकानच खरे. आजोबांची पटाशी सोबत न्यावी. जुन्या पिढीतला कारागीर असेल तर तो आधी धारेवर अंगठा आडवा फिरवून पाहतो, मग मूठ हातात तोलून पाहतो, आणि बहुधा न विचारताच धार लावून दाखवतो. त्या वेळी त्याच्या बोटांकडे पाहू नये. कोपराकडे आणि खांद्याकडे पाहावे, कारण उतार स्थिर राहतो तो तेथून.

पहिला पाट सपाट जमिनीवर ठेवला की बहुधा डुगडुगतो. मग कोणता कोपरा उंच आहे ते कागद सरकवून शोधावे, त्याच्या समोरच्या कोपऱ्याशी ताडून पाहावे आणि पट्टीवरून रंध्याचा एकच हलका हात फिरवावा. पुन्हा ठेवून पाहावे. दोन हात एकदम फिरवले तर दुसरा कोपरा उचलला जातो.