दहावीच्या इंग्रजीत अडणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी : वाचन व लेखन कौशल्यांचा विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून शिकविले जात असे. सन २००० पासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी आज हा विषय दहा वर्षे शिकलेला असतो. तरीही उत्तीर्णतेचे ३५ गुण मिळविताना अनेकांची दमछाक होते. हा विद्यार्थी महाविद्यालयीन प्राध्यापकांना अपरिचित नाही. एक वा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्यास एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो आणि अकरावीच्या बाकावर बसूनच तो दहावीच्या इंग्रजीची तयारी करीत असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ माध्यमिक शिक्षकांचा राहत नाही.

परीक्षेचे स्वरूप

सन २०१८-१९ पासून दहावीस नवा अभ्यासक्रम आला व प्रश्नपत्रिकेची जागा कृतिपत्रिकेने घेतली. त्याच वर्षी भाषा विषयांतील २० अंतर्गत गुण रद्द करण्यात आले. मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रमही नवा असल्याने सारी घट या एकाच कारणाच्या खाती टाकणे योग्य होणार नाही. परंतु केवळ लेखी कामगिरीवर उभे राहण्याची वेळ आली तेव्हा किती विद्यार्थी डळमळले, याची कल्पना या आकड्यांवरून येते.

कृतिपत्रिकेत अपठित उतारा, त्याचा सारांश, पत्र, तक्त्यातील माहितीचे परिच्छेदात रूपांतर, भाषांतर अशा कृती असतात. मार्गदर्शकातील उत्तरे पाठ करण्याचा जुना उपाय येथे फारसा चालत नाही. पाठांतराची सवय मात्र गेलेली नाही.

वाचनातील अडचण

देवनागरीत बहुतांशी जसे लिहावे तसे वाचता येते. रोमन लिपीतील इंग्रजी तशी नाही. 'थ्रू' आणि 'टफ' या दोन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरे येतात, उच्चार मात्र सर्वस्वी भिन्न. ज्या विद्यार्थ्याची शक्ती शब्द उच्चारण्यातच खर्च होते, तो वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो. मग तो एक पळवाट शोधतो. प्रश्नातील एखादा शब्द उताऱ्यात ज्या वाक्यात सापडेल, ते वाक्य जसेच्या तसे उतरवून काढतो. यात कधीकधी गुण मिळून जातात, हीच खरी अडचण आहे, कारण त्यामुळे आपल्याला वाचता येते असा त्याचा समज होतो.

यावर वर्गात सहज करता येण्याजोगा उपाय असा की, आठ-दहा ओळींचा उतारा प्रथम शिक्षकाने मोठ्याने वाचावा, नंतर विद्यार्थ्याने दोनदा वाचावा आणि पुस्तक मिटून त्यातील मजकूर मराठीत सांगावा. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानणाऱ्यांना हे रुचणार नाही. परंतु अर्थ कळलेला नाही की कळूनही इंग्रजीत मांडता येत नाही, हे ओळखण्याचा याहून सोपा मार्ग नाही. मजकूर मराठीत नीट सांगू शकणाऱ्यास पुढे सारांशलेखनाकडे नेता येते. न सांगू शकणाऱ्यास सारांशाचे नियम शिकवून उपयोग होत नाही.

लेखनातील अडचण

लेखनातील पुष्कळ चुका अज्ञानाच्या नसून मातृभाषेच्या घडणीतून आलेल्या असतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामानंतर लागतात आणि इंग्रजीतील 'ए' व 'द' यांसारखी उपपदे नाहीत. 'मला ताप आहे' याचे 'टू मी फीव्हर इज' असे होते ते यामुळेच. 'मी काल मुंबईला गेलो होतो' हे शुद्ध मराठी वाक्य. त्यावरून 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे' असे लिहिले जाते. येथे साधा भूतकाळ हवा, हे केवळ काळांचा तक्ता पाठ करून उमगत नाही. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून भेद दाखवावा लागतो. या दृष्टीने कृतिपत्रिकेतील ५ गुणांची भाषांतराची कृती उपेक्षिली जाते याचे आश्चर्य वाटते. वाक्यरचना शिकविण्याचे तेच सर्वांत स्वस्त साधन आहे.

लेखनाचा सराव थोडा परंतु रोजचा असावा. घरातील, शेतातील वा प्रवासातील एखाद्या गोष्टीवर पाच वाक्ये पुरेशी आहेत. तपासताना सर्व चुकांवर लाल शाई फिरवू नये. एका आठवड्यात केवळ क्रियापदाचे स्थान, पुढील आठवड्यात केवळ भूतकाळ, असे एकेक लक्ष्य ठेवल्यास विद्यार्थी वही उघडण्यास भीत नाही. पत्राचा आराखडा दोन तासांत शिकवून होतो. त्यावर महिना घालविण्याचे कारण नाही.

पुनर्परीक्षार्थींची तयारी

सन २०१५ पासून अनुत्तीर्णांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेतली जाते. निकाल व ही परीक्षा यांत जेमतेम काही आठवडे मिळत असल्याने संपूर्ण पुस्तक पुन्हा शिकविणे शक्य नसते. अशा वेळी प्रथम विद्यार्थ्याची जुनी उत्तरपत्रिका पाहावी. ठरावीक मुदतीत शुल्क भरल्यास मंडळाकडून तिची छायाप्रत मिळते, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. अपठित उताऱ्याखालील जागा कोरी असेल तर वेळ वाचनाला द्यावा लागेल. उत्तरे लिहिलेली, परंतु वाक्ये मोडलेली असतील तर भाषांतर व पाच वाक्यांचा सराव हाती घ्यावा. अखेरचे प्रश्नच सुटलेले असतील, तर घड्याळ लावून तीन तासांचा पेपर दोन-तीनदा सोडवून घेतल्याने बरेच काम होते.