ऐकणाऱ्यांची वर्गणी

गावची जत्रा जवळ आली की पंच घरोघर फिरतात. कुणी पन्नास रुपये देतो, कुणी पाचशे. त्या पैशातून तमाशाचा फड ठरतो. म्हणजे ढोलकीवर थाप पडण्याआधीच ऐकणाऱ्यांनी पैसे दिलेले असतात. हे तुम्हांला नवे नाही.

आता समजा, ऐकणारे एका गावात राहत नाहीत. एक आहे इंग्लंडात, दुसरा जपानात, तिसरा आपल्या नागपुरात. ते एकमेकांना ओळखतही नाहीत. मग त्यांची वर्गणी कोण गोळा करणार? हे काम आता इंटरनेटवर होते. इंटरनेट म्हणजे मोबाईलला साऱ्या जगाशी जोडणारे जाळे. ही वर्गणी कशी जमते आणि तोपर्यंत पैसा कुणाच्या हाती असतो, ते आपण पाहू.

आधी जुनी रीत समजून घ्यावी. गाणे रेकॉर्ड करायचे म्हणजे खर्च आलाच. स्टुडिओचे भाडे, वाजवणाऱ्यांची बिदागी, जाहिरात. गाणाऱ्याजवळ एवढा पैसा कुठला? तो रेकॉर्ड कंपनीकडे जाई. कंपनी त्याला उचल देई. उचल म्हणजे काय, ते ऊसतोडणीला जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको! रेकॉर्ड विकली की कंपनी गायकाच्या वाट्यातून आधी आपली उचल कापून घेई. ती फिटेपर्यंत त्याच्या हाती विक्रीचा पैसा पडत नसे. बरे, उचल फिटली तरी रेकॉर्डचा हक्क बहुधा कंपनीकडेच राही. कर्ज फिटले, पण सातबारा सावकाराच्याच नावावर राहिला, असा हा प्रकार. कंपनीचीही एक बाजू आहे. दहा रेकॉर्ड काढाव्यात तेव्हा एखादी चालते, बाकीच्यांचा तोटा तिलाच सोसावा लागतो. पण म्हणून गाणे गाणाऱ्याचे राहू नये, हे आम्हांला पटत नाही. पुष्कळ ठिकाणी ही रीत आजही चालू आहे.

ही रीत सोडून वेगळी वाट कुणी काढली? त्याची एक गोष्ट आहे. खरी घडलेली आहे.

इंग्लंडात पाच जणांचा एक संच आहे. अशा संचाला तिकडे बँड म्हणतात. त्याचे नाव मॅरिलियन. १९९७ साली अमेरिकेतले ऐकणारे त्यांना विचारू लागले, "तुम्ही आमच्याकडे कधी येणार?" संचातल्या मार्क केली यांनी इंटरनेटवरून सरळ उत्तर दिले. येता येणार नाही. दौऱ्यात सुमारे ६० हजार डॉलरची खोट येईल, आणि ती भरून द्यायला कंपनी तयार नाही. डॉलर हे अमेरिकेचे चलन. तेव्हा ऐकणाऱ्यांनीच ठरवले की हा पैसा आपण उभा करू. एकाने त्यासाठी बँकेत खाते उघडले. लोक पैसे पाठवू लागले. सुमारे ६० हजार डॉलर जमले आणि दौरा झाला.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्गणी संचाने मागितली नव्हती. जमेपर्यंत ती संचाच्या हातीही नव्हती. ऐकणाऱ्यांचा पैसा ऐकणाऱ्यांच्याच खात्यात होता.

पुढे मॅरिलियनने आणखी धाडस केले. गाणी तयार होण्याआधीच त्यांनी लोकांना विचारले, "नव्या रेकॉर्डचे पैसे आत्ताच द्याल का?" बारा हजारांहून जास्त लोकांनी दिले. ती रेकॉर्ड २००१ साली निघाली. २००४ च्या रेकॉर्डबरोबर एक पुस्तक दिले होते. मुदतीत आगाऊ पैसे भरणाऱ्या सगळ्यांची नावे त्यात छापली होती. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात ना, तसेच हे.

मग हे काम करून देणाऱ्या कंपन्याच निघाल्या. अमेरिकेत २००३ साली आर्टिस्टशेअर नावाची कंपनी सुरू झाली. मारिया श्नायडर या संगीतकार बाईंनी तिच्यामार्फत ऐकणाऱ्यांकडून पैसे घेऊन रेकॉर्ड काढली. ती दुकानात मिळतच नव्हती, फक्त इंटरनेटवर मिळे. तरी २००५ साली तिला ग्रॅमी हे तिकडचे मोठे बक्षीस मिळाले.

२००९ साली न्यूयॉर्कमध्ये किकस्टार्टर निघाली. तिचा नियम समजून घेण्यासारखा आहे. गायकाने आधी आकडा सांगायचा. समजा, दहा हजार डॉलर. मुदतही सांगायची. लोक आपापला आकडा लिहितात, पण पैसे लगेच कापले जात नाहीत. मुदतीत दहा हजार भरले तरच ते कापले जातात. नऊ हजारच झाले तर कुणाचा एक पैसाही जात नाही. जमलेल्या पैशातून कंपनी शंभराला पाच घेते. पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा. मात्र पैसे घेतल्यावर गायकाने काम पुरे केले नाही, तर त्याची हमी कंपनी देत नाही.

अमांडा पामर या अमेरिकन गायिकेने २०१२ साली इथे एक लाख डॉलर मागितले. सुमारे २५ हजार लोकांनी मिळून जवळजवळ १२ लाख दिले! सगळीकडे बोलबाला झाला. पण पुढचेही ऐका. दौऱ्यात गावोगावच्या वाजवणाऱ्यांनी साथीला यावे, पण बिदागी मिळणार नाही, असे तिने कळवले. लोक चिडले. "एवढी वर्गणी जमली, मग वाजवणाऱ्याला फुकट का राबवता?" असे तिला विचारू लागले. शेवटी तिने पैसे द्यायचे कबूल केले. पैसा लोकांनी दिला की हिशेबही लोकच मागतात. ते बरेच आहे, असे आम्हांला वाटते.

हिशेब न मागितल्याने काय होते, तेही सांगायला हवे. लंडनमध्ये २००९ साली प्लेजम्युझिक नावाची कंपनी निघाली होती. तिचे काम खास गाणाऱ्यांसाठीच. लोक कंपनीकडे पैसे भरत आणि कंपनी ते पुढे गायकाला देई. काही वर्षे ठीक चालले. २०१८ च्या सुमारास गायकांचे पैसे थकू लागले. आज देतो, उद्या देतो. लोकांनी तर पैसे भरलेले होते. त्यांना रेकॉर्ड हवी होती. काही गायकांनी पदरचे पैसे घालून रेकॉर्ड काढल्या आणि लोकांना पाठवल्या. २०१९ साली कोर्टाने कंपनी मोडीत काढली. ज्यांच्या नावावर वर्गणी गोळा झाली, ते गायक इतर घेणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहिले.

म्हणून अशी वर्गणी देताना दोन गोष्टी विचाराव्यात. पैसे थेट गाणाऱ्याच्या खात्यात जातात, की मधल्या कंपनीकडे राहतात? आणि ठरलेला आकडा जमला नाही तर परत मिळतात का? उत्तर मिळत नसेल तर थांबावे.

दर महिन्याला थोडे थोडे देण्याचीही सोय आहे. जॅक कॉन्टी नावाच्या वादकाने हजारो डॉलर घालून एका गाण्याचे चित्रीकरण केले. ते पुष्कळांनी पाहिले, पण जाहिरातीचे पैसे आले अगदी थोडे. तेव्हा २०१३ साली त्याने एका सोबत्याला घेऊन पेट्रिऑन ही कंपनी काढली. तिथे एकदम मोठी रक्कम द्यावी लागत नाही. कुणी महिन्याला दोन डॉलर देतो, कुणी पाच. असे पाचशे जण मिळाले तर गाणाऱ्याचे घर चालते.

बँडकॅम्प नावाची कंपनी गाणी विकते. विक्रीतले शंभराला दहा ते पंधरा स्वतः ठेवून बाकी गाणाऱ्याला देते. २०२० साली कोरोनाची साथ आली. जलसे बंद पडले आणि गाणारे-वाजवणारे घरी बसले. तेव्हा २० मार्चच्या शुक्रवारी कंपनीने आपला वाटा सोडून दिला. त्या एका दिवसात लोकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. पुढे असे आणखी शुक्रवार पाळले गेले.